फिरता दवाखाना

मंत्री येणार हे कळल्यापासून कारा-तेपेचा दवाखाना झपाट्यानं बरा होत चालला होता. पेशंट होते तसेच होते. रस्त्याकडच्या भिंतीला पांढरा रंग लागला, मागच्या भिंतीला नाही. पुढच्या खिडक्यांना काचा बसल्या, मागच्या खिडक्यांवर पूर्वीचाच प्लास्टिकचा कागद फडफडत राहिला. मग एक ट्रक आला. त्यातून सहा नव्या खाटा उतरल्या, निळे पडदे उतरले, सोनोग्राफीचं मशीन उतरलं आणि सगळ्यात शेवटी, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवतात ती काचेची पेटी. ती पाहून बेगिमायनं हातातली बादली खाली ठेवली आणि पदराआड नाक ओढावं तसं डोक्यावरच्या रुमालाआड नाक ओढलं.

बेगिमाय तिथं बाळंतपणाच्या खोलीत नर्स होती. गेल्या हिवाळ्यात चुलतनणंदेचं सातव्या महिन्यातलं बाळ तिनं आपल्या स्वेटरच्या आत, छातीशी धरून खिंडीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. अँब्युलन्स खिंडीत बंद पडली, तेव्हा बाळ स्वेटरातून न काढता तिनं ती ढकललीही होती. बाळ जगलं. पण तेव्हापासून बर्फ पडायला लागलं, की बेगिमाय आधी खिंडीकडे बघायची.

"आता पेटी आली," ती त्या संध्याकाळी जेवताना म्हणाली. "आता पडू दे किती बर्फ पडायचं ते."

तिच्या नवऱ्यानं, कुबातनं, मान खाली घालून मटणाच्या रश्श्यात पाव बुडवला. तो जिल्ह्याच्या अकीमचा, म्हणजे कारभारी शार्शेनचा, दुय्यम होता. वर्षभरापूर्वी दवाखान्याच्या छपरासाठी आलेले पैसे 'तूर्तास' वळवून अकीमनं गावाच्या वेशीवर संगमरवरी कमान उभी केली होती, तीही कुबातच्याच देखरेखीखाली. कमानीला लागून भिंत नव्हती, त्यामुळे गुरं तिला वळसा घालून जात. तेव्हा त्याची सासू कालिपा भर बाजारात म्हणाली होती, "गावाला दार झालं. आता घर कधी बांधताय जावईबापू?"

"आई," कुबात आपल्या आईला म्हणाला, "तुझ्याकडे एक काम आहे. मंत्री येतील त्या दिवशी तू दवाखान्यात झोपायचं."

उमसुनायनं चहाची वाटी खाली ठेवली. "मला काय धाड भरलीय?"

"काही नाही. म्हणूनच तर तू हवीस. खरे पेशंट दाखवण्याजोगे नाहीत. एक धनगर आहे, तो खोकला की थांबत नाही. एकाची बोटं बर्फानं काळी पडलीत. आणि सगळे बोलतात, आई. सरपण घरून आणावं लागतं, सुई बाहेरून आणावी लागते, सगळं बोलतात. त्यांना मागच्या खोलीत हलवलंय. साहेबांना हव्यात स्वच्छ, हसऱ्या, घरंदाज म्हाताऱ्या."

"म्हणजे तुझा साहेब माझ्या मढ्यावर मंत्र्याचा फोटो काढणार!"

"मढं कशाला, खाटेवर. नव्या गादीवर." कुबातनं आवाज खाली आणला. "नाही म्हणत असशील तर राहू दे. सासूबाई हो म्हणाल्यात."

उमसुनायच्या भुवया पांढऱ्या रुमालाला जाऊन भिडल्या. "कालिपा? ती झोपणार मंत्र्यासमोर? खिडकीजवळची खाट कुणाला दिलीस?"

बेगिमायनं भांडी उचलण्याच्या निमित्तानं तोंड फिरवलं. आपली आई काय म्हणाली असेल ते तिला न ऐकताच कळलं. तिलाही हेच सांगितलं असणार की उमसुनाय हो म्हणाल्यात.

या दोन विहिणी नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कुबात-बेगिमायच्या लग्नात वरमाय म्हणून उमसुनायनं ताटं मांडली, आणि विहिणीला द्यायचा मेंढीच्या पुठ्ठ्याचा मानाचा तुकडा कालिपाच्या पुढ्यात आलाच नाही. आल्या त्या साध्या बरगड्या. कालिपानं त्या मुकाट्यानं खाल्ल्या, हात धुतले आणि तेव्हापासून विहिणीशी बोलायचं झालं तर ती लेकीमार्फत बोलायची. उमसुनायही सुनेमार्फतच उत्तर धाडायची. दोघी एका खोलीत, हाताच्या अंतरावर असल्या तरी.

ठरल्या दिवशी सकाळी दोघी शेजारशेजारच्या खाटांवर आडव्या झाल्या. उरलेल्या चारांवर कचेरीतल्या कारकुनांच्या आया होत्या. झोपायचं म्हटलं म्हणून त्या खरंच झोपल्या, कारण खोली उबदार होती आणि उबदार खोली कारा-तेपेमध्ये नोव्हेंबरात रोज मिळत नाही.

"बेगिमाय," कालिपा छताकडे पाहत म्हणाली, "तुझ्या सासूला सांग, आजारी बाईनं कानात एवढे जड चांदीचे लोंबते घालू नयेत."

"बेगिमाय, तुझ्या आईला सांग, मी आजारी असले तरी भिकारी नाही."

"सांग, की भिकारी नसणारे पाहुण्याला बरगड्या वाढत नाहीत."

"आई, सासूबाई, गाड्या आल्या!" बेगिमाय ओरडली.

मंत्री आले ते टोपीवरचा बर्फ झटकतच. मागे अकीम, त्याच्यामागे कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे घामानं डबडबलेला कुबात. मंत्र्यांनी मशीनवर हात ठेवून फोटो काढला, काचेच्या पेटीवर हात ठेवून फोटो काढला आणि मग उमसुनायचा हात हातात घेतला.

"कसं वाटतंय आई?"

"देवाच्या आणि सरकारच्या कृपेनं ठणठणीत," उमसुनायनं पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

"वा! आणि होतंय काय तुम्हाला?"

कुबात कॅमेऱ्यामागे आणखी वाकला. पाठांतरात आजार द्यायचाच राहिला होता.

"मला?" उमसुनाय म्हणाली. "काही नाही."

"इथं येणारा असा खडखडीत बरा होतो साहेब," अकीम घाईघाईनं म्हणाला. मंत्री खूश झाले आणि शेजारी वळले. "आणि तुम्हाला आई?"

"डोकं दुखतं," कालिपा म्हणाली. "शेजारामुळं."

सगळे हसले. चहा गार होण्याइतकाही वेळ गेला नसेल, आणि गाड्या मेजवानीच्या तंबूकडे निघून गेल्या. तिथं घोड्याचं मांस शिजत होतं, राजधानीहून आणलेली फुलं होती आणि तात्पुरता गालिचा होता. डॉक्टर जानिलबाईंनी एप्रनच्या खिशातून चष्मा काढला. पूर्ण जिल्ह्याला त्या एकट्याच बायकांच्या डॉक्टर होत्या.

"बेगिमाय, बाहेरच्यांना आत घे. मशीन चालू करू."

बातमी फुटली होती. आवारात नऊ-दहा पोटुशा बाया थांबल्या होत्या, कुणी घोड्यावरून आलेली, कुणी दुधाच्या गाडीतून. बेगिमाय त्यांना हाक मारायला दारापर्यंत गेली तर समोर तोच ट्रक उभा. दोघं हमाल उतरले आणि सरळ मशीनची वायर गुंडाळायला लागले.

"अहो, हे काय करताय?"

"चोन-ताशला न्यायचंय ताई, शेजारच्या जिल्ह्यात. उद्या मंत्री तिकडे आहेत."

बेगिमाय वळली. कुबात दाराशीच होता, भिंतीचा नवा रंग कोटाला लावून घेत.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"बेगिमाय, ऐक तरी—"

"जेवताना माहीत होतं. मी पेटीबद्दल बोलत होते आणि तुम्ही रस्सा ओरपत होतात."

"मी काय करू? एकच संच आहे. आज आपल्याकडे, उद्या चोन-ताश, परवा आणखी कुठं. अकीमसाहेबांची आज्ञा आहे. माझ्या हातात काही आहे का?"

"पाव होता," बेगिमाय म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. भांडताना तिचा आवाज कधी फुटत नसे. कुबातला नऊ वर्षांत ते ठाऊक झालं होतं, त्यामुळे तो घाबरला.

आत हमालांनी चार खाटांवरच्या म्हाताऱ्यांना हलवून जागं केलं आणि त्या कुरकुरत उतरल्या. पाचव्या खाटेपाशी ते थांबले. उमसुनाय गळ्यापर्यंत पांघरूण ओढून पडली होती.

"उतरा आजी."

"मी पेशंट आहे."

"आई!" कुबात धावला. "झालं सगळं. उतर आता."

"तूच झोपवलंस ना? मग बरी झाल्यावर उतरेन." ती छताकडे बघत राहिली. "कुबात, तू याच खोलीत झालास. तेव्हा नळाला गरम पाणी यायचं आणि सुईण माझ्या उशाला बसून होती. आज माझी सून पोरं स्वेटरात घालून डोंगर चढते. मी ह्या खाटेवरून हलणार नाही. न्यायची तर माझ्यासकट ने."

हमालांनी कुबातकडे पाहिलं. मग शेजारच्या खाटेवरून आवाज आला, आणि तो बेगिमायला उद्देशून नव्हता.

"विहीणबाई, जरा ते जास्तीचं पांघरूण इकडे द्या. मीही नाही हलत."

बेगिमाय बघतच राहिली. नऊ वर्षांतलं ते पहिलं सरळ वाक्य होतं. उमसुनायनं पांघरूण फेकलं आणि कालिपानं ते झेललं.

हमालांनी कमरेवर हात ठेवले. पांढऱ्या रुमालाच्या म्हातारीला हात लावून उठवणारा माणूस त्या डोंगरात अजून जन्मायचा होता. कुबातनं अकीमला फोन लावला. अकीमचं बोलणं फोनबाहेर सगळ्यांना ऐकू आलं.

"त्यांना उतरव, नाहीतर तू खुर्चीवरून उतर!"

"साहेब, एक माझी आई आहे आणि दुसरी सासू."

पलीकडे थोडा वेळ फक्त चावण्याचा आवाज आला. अकीमलाही सासू होती. "मग खाटेसकट चढव," तो शेवटी म्हणाला. "खिंडीतला वारा लागला की आपोआप उतरतील."

अशा रीतीनं दोघी विहिणी खाटेवर बसून ट्रकवर चढल्या. काचेची पेटी फुटू नये म्हणून बेगिमाय तिला मिठी मारून मध्ये बसली. जानिलबाईंनी आपला लोकरी कोट काढून तिच्या अंगावर टाकला आणि हळूच म्हणाल्या, "बाहेरच्या बायांना मी सांगते, दोन दिवसांनी या म्हणून. खोटं नको पाडूस मला."

तेवढ्यात सासरे तोक्तोसून धापा टाकत आले, काखेत थर्मास आणि तळलेल्या पुऱ्यांची पिशवी. बेगिमायला वाटलं, आता हे तरी सासूबाईंना खाली उतरवतील. त्यांनी ट्रककडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुऱ्यांची पिशवी तिच्याकडे टाकली आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

"तुम्ही कुठं निघालात?" कुबात रडकुंडीला आला.

"तुझी आई चोन-ताशला आणि तुझी बायकोही चोन-ताशला. मला घरी जेवायला कोण वाढणार, तुझा अकीम?"

ट्रक निघाला. मागून सरकारी गाडीत एकटा कुबात. रस्त्यावरच्या लोकांनी गाद्या, उशा, निळे पडदे आणि दोन नटलेल्या म्हाताऱ्या पाहिल्या आणि त्यांना वाटलं, कुणाच्या तरी पोरीचं रुखवत चाललंय. पोरं टोप्या उडवत धावली. उमसुनायनं त्यांना पुऱ्या फेकल्या.

खिंडीत वारा सुटला. दोघींनी खाटा एकमेकींना भिडवल्या आणि दोन्ही पांघरुणं एकत्र केली.

"विहीणबाई," कालिपा म्हणाली, "आता मरणारच आहोत थंडीनं, तर एक सांगा. त्या दिवशी मला मानाचा तुकडा का नाही दिलात? माझ्या पोरीत काय कमी होतं?"

उमसुनायनं पांघरूण कानापर्यंत ओढलं. मग तिनं हनुवटीनं ड्रायव्हरच्या केबिनकडे दाखवलं. तिकडून तोक्तोसूनच्या टोपीचं टोक दिसत होतं.

"त्यांनी खाल्ला."

"काय?"

"तुमच्या व्याह्यांनी. ताटं मांडायच्या आधी, चुलीमागे उभं राहून. मी झाकण काढलं तर नुसतं हाड! नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर कशी मांडू, ते पण वरातीच्या दिवशी? म्हटलं, जाऊ दे, विहीण रुसली तर रुसली."

कालिपानं त्या टोपीच्या टोकाकडे पाहिलं. मग ती हसायला लागली. हसता हसता तिनं हात लांब करून ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर बोटातल्या अंगठीनं टकटक केलं. तोक्तोसून वळून बघायला लागले. कालिपानं त्यांना पुरी दाखवली आणि स्वतःच खाऊन टाकली. ते बिचारे काही न समजून हसले. बेगिमाय काचेच्या पेटीवर डोकं टेकून इतकी हसली, की आपण रागावलोय हे ती विसरूनच गेली.

चोन-ताशच्या दवाखान्यातही पुढची भिंत पांढरी होती. तिथल्या अकीमनं म्हाताऱ्या पाहिल्या आणि तो किंचाळला. पण त्याच्याकडे ठरवून ठेवलेल्या म्हाताऱ्यांपैकी दोघी खरोखरच आजारी पडल्या होत्या, म्हणजे कामाच्या राहिल्या नव्हत्या. "असू द्या," तो शेवटी म्हणाला. "मंत्री रोज शंभर म्हाताऱ्या बघतात. फक्त रुमाल बदला."

रुमाल बदलले. दुसऱ्या दिवशी मंत्री आले, टोपीवरचा बर्फ झटकत. मशीनवर हात ठेवला, फोटो. पेटीवर हात ठेवला, फोटो. मग त्यांनी उमसुनायचा हात हातात घेतला आणि तसाच धरून उभे राहिले.

"आई, आपण कुठंतरी भेटलोय."

बेगिमाय पडद्याशी उभी होती. समोरच्या भिंतीशी कुबात होता, आणि त्याचे ओठ प्रार्थना पुटपुटत होते.

"कालच भेटलो की बाळा," उमसुनाय म्हणाली. "कारा-तेपेला. तू विचारलंस कसं वाटतंय. आज अजून बरं वाटतंय. हवापालट झाला ना."

"तुम्हाला इकडे का हलवलं?"

"मला कुणी हलवलं नाही. खाट हलली. मी तिच्यावर होते, एवढंच."

"आणि हे मशीन?"

"तेही आमच्याच बरोबर असतं," कालिपा मायेनं म्हणाली. "ही पेटीसुद्धा. उद्या कुठं जायचंय तेवढं सांगून ठेवा हो, म्हणजे मी मोजे घालून येईन."

कॅमेरावाला हसू दाबत होता, त्यामुळे कॅमेरा हलत होता. पण तो बंद मात्र त्यानं केला नाही. मंत्र्यांनी हळूच मागे वळून पाहिलं. मागे आता कुणीच उभं नव्हतं. सगळे भिंतीला चिकटले होते.

"मी सात जिल्ह्यांसाठी सात संच मंजूर केले होते," ते म्हणाले. "सातांचे पैसे गेलेत. बाकीचे सहा कुठं आहेत?"

भिंतीशी उभे असलेले सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. शेवटी उमसुनायलाच त्यांची दया आली.

"वाटेत असतील," ती म्हणाली. "रस्ते फार खराब आहेत."

मंत्री आधी लाल झाले, मग त्यांची नजर कॅमेऱ्याकडे गेली आणि ते मोठ्यानं हसले. मुरलेला माणूस होता. त्यांनी तिथंच हुकूम दिला. संच पहिल्यांदा जिथं मांडला गेला तिथं परत जाईल आणि कायमचा राहील. बाकीच्या सहांचा शोध घ्यायला समिती नेमली जाईल. चोन-ताशची नर्स हे ऐकून पडद्यामागे रडत होती. बेगिमायनं तिला जवळ घेतलं. कालपर्यंत ती स्वतः याच जागी होती.

पुढं झालं ते असं. ती समिती तीनदा आली, तिच्या मुक्कामावर आणि मेजवान्यांवर झालेल्या खर्चात उरलेले सहा नाहीत, तरी दुसरा एक संच नक्की आला असता. अकीम शार्शेनची बदली झाली, मोठ्या जिल्ह्यात, मोठ्या खुर्चीवर. आणि कुबातची नोकरी त्याच दिवशी, परतीच्या वाटेवरच गेली. त्यानं फोन ठेवला, गाडी ट्रकला लावून उभी केली, किल्ली ड्रायव्हरच्या मदतनिसाला दिली आणि ट्रकवर चढून बायकोच्या शेजारी, काचेच्या पेटीला पाठ टेकून बसला.

"खुर्चीवरून उतरलो," तो म्हणाला.

बेगिमायनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पण जानिलबाईंच्या कोटाची एक बाजू उघडून तिनं त्याला आत घेतलं.

"मागच्या खिडक्यांना काचा बसवायच्यात," थोड्या वेळानं ती म्हणाली. "तुम्हाला येतं?"

"कमान बांधली मी."

"म्हणूनच विचारतेय."

दिवस कलताना ट्रक कारा-तेपेला पोहोचला. आवारात बाया होत्याच, त्या घरी गेल्याच नव्हत्या. जानिलबाईंनी मशीन लावलं. बेगिमाय खाटांपाशी गेली. "आता उतरा दोघीजणी. खरे पेशंट आलेत."

उमसुनाय लगेच उतरली. आपल्या हातानं तिनं चादर झटकली, सुरकुती काढली आणि घोड्यावरून आलेल्या एका कोवळ्या पोरीला दंडाला धरून तिच्यावर निजवलं. कालिपानं तिच्या उशाशी उरलेल्या पुऱ्या ठेवल्या. मागच्या खोलीतून तो धनगर खोकत आला आणि शेजारच्या खाटेवर बसून गादी दाबून बघायला लागला. त्याला कुणी हटकलं नाही.

जानिलबाई मशीनच्या पडद्यावर बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"काय झालं?" बेगिमायनं विचारलं.

"दोन आहेत. आणि दोन्ही घाईवर आलेली दिसतात. दिवस भरेपर्यंत काही थांबत नाहीत."

सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यात गेल्या. पेटी एकच होती.

जानिलबाईंनी पेटीची रुंदी नजरेनं मोजली. मग उमसुनायनं खाटेखालचे बूट पायानं पुढं ओढले आणि वाकून त्यांचे बंद बांधायला लागली.

"विहीणबाई," ती म्हणाली, "मंत्र्याचं गाव कुठलं, ठाऊक आहे?"